दिवसा गार, रात्री गरम

तक्रार अशी होती. दिवसा गाडी कितीही पळवा, टेंपरेचरचा काटा मध्याच्या खालीच. अंधार पडून हेडलाइट लावली की काटा चढायला लागतो आणि लाल पट्टीच्या तोंडाशी जाऊन बसतो. गगनबावड्याच्या रस्त्याला रात्री घरच्यांना कडेला उतरवून, बॉनेट उघडं ठेवून थांबायची पाळी आली होती. दर वेळी थांबल्यावर काटा खाली यायचा, म्हणून गाडी गार झाली असं वाटायचं. थांबताना हेडलाइटही बंद होत होती, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

गाडी 1994 ची मारुती 800, कार्बोरेटरवाली. मालक गोकुळ शिरगाव एमआयडीसीत लेथवर काम करणारे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याकडे, म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, यायच्या आधी गाडी दोन गॅरेज फिरून आली होती. एका ठिकाणी रेडिएटर उतरवून साफ केला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला आणि बोअरचं पाणी भरून दिलं. दुसऱ्या ठिकाणी सेल्फ (स्टार्टर मोटर) रडतो म्हणून बॅटरी नवी घातली, क्लच वायर बदलली, ती जड झाली म्हणून परत बदलली. हेडलाइटला 100/90 वॅटचे (वरचा बीम 100, खालचा 90) दोन बल्ब होते, त्यांची धग मागच्या रेडिएटरला लागते असं निदानही एकाने छातीठोकपणे दिलं होतं. म्हणजे 180 वॅटच्या बल्बांनी पाणी उकळायचं आणि त्याच्या कितीतरी पट उष्णता रोज बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरने ते निमूट सोसायचं. धंद्यात इतकी वर्षं काढूनही माणसं असं बोलतात तेव्हा काय म्हणावं कळत नाही.

थर्मोस्टॅट काढण्याची सवय आपल्याकडे फार. गरम होतेय, काढ थर्मोस्टॅट. या जातीच्या इंजिनांत तो साधारण 82 किंवा 88 अंशांना उघडायला लागतो आणि तोवर पाणी इंजिनातच फिरवतो. तो काढला की इंजिन तापायला उशीर होतो. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि अॅव्हरेज घसरतो. शंका असेल तर पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि किती अंशांना उघडतो ते बघायचं. दहा मिनिटांचं काम, पण ते करत कुणी नाही.

मालकांनी आधी घरी काय काय केलं होतं ते विचारलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी, घराच्या पोर्चमध्ये, गिअरबॉक्स उतरवून बदललं होतं. व्हिडिओ बघून. असं म्हटलं की आमच्यातले निम्मे लोक तिथंच हसतात. मी गाडीखाली शिरून बघितलं. प्रत्येक बोल्ट जागेवर, बेल हाउसिंगच्या डॉवेल पिना जागेवर, ड्राइव्ह शाफ्टचे ऑइल सील नवे. क्लच प्लेट मध्यावर बसवायला त्यांनी नायलॉनचा डमी शाफ्ट लेथवर काढला होता, एका टोकाला फ्लायव्हीलच्या पायलट बेअरिंगचा व्यास आणि दुसरीकडे प्लेटच्या स्प्लाइनचा. आमच्याकडे हेच काम बऱ्याचदा अंदाजाने होतं आणि मग गिअरबॉक्स बसताना त्याला ढकलाढकली होते. हेडलाइटचं कामही तसंच पक्कं. 100 वॅटचे बल्ब मूळच्या वायरिंगवर आणि कॉम्बिनेशन स्विचवर घातले की स्विचचं प्लास्टिक वितळतं. यांनी चार पिनांचे दोन रिले (स्विचच्या लहान करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे), बॅटरीजवळ वेगवेगळे फ्यूज आणि जाड वायर घातली होती. दोष शोधताना नेमकी हीच अडचण झाली असणार. इतकं स्वच्छ काम दिसलं की खोट इथंच असेल असं कुणाला वाटत नाही.

सुरुवात काट्यापासून केली. काटा खरं बोलतोय का, हे आधी ठरवायला पाहिजे. इंजिन पुरेसं तापवलं, हेडलाइट लावली, काटा वर गेला. ओव्हरफ्लोच्या बाटलीतलं पाणी जिथल्या तिथं. रेडिएटरची कॅप 0.9 किलोची असली तर त्या प्रेशरला पाणी साधारण 118 अंशांना उकळतं. काटा लाल पट्टीशी असताना बाटलीत काहीच हालचाल नसेल आणि फॅनही लागत नसेल तर दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. इन्फ्रारेड गनने थर्मोस्टॅट हाउसिंगचं तापमान घेतलं. इथं एक सांगायलाच हवं. ही गन उघड्या चकचकीत अॅल्युमिनियमवर धरली की बरंच कमी तापमान दाखवते. हाउसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची, मिनिटभर थांबायचं आणि टेपवर गन धरायची. टेपवर 68 अंश आले. म्हणजे थर्मोस्टॅट नसलेलं, नको इतकं गार इंजिन.

हेडलाइट बंद केली, काटा खाली. चालू केली, वर. पाण्याचं तापमान अर्ध्या मिनिटात असं वरखाली होत नाही. आता काम माझ्या धंद्यातलं झालं.

टेंपरेचरचा सेन्सर इंजिनमध्ये आटे पाडून बसवलेला असतो. त्याला एकच वायर, त्याचा अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट, इंजिनच्या अंगातून. काट्याला बॅटरीकडून प्लस मिळतो, तिथून करंट सेन्सरमधून इंजिनमध्ये उतरतो. इंजिन आणि बॉडी एका पातळीवर असतील तर काटा बरोबर. इंजिनचा अर्थ कच्चा असेल तर डायनामो (अल्टरनेटर) चार्ज करत असताना इंजिन बॉडीपेक्षा थोडं जास्त निगेटिव्ह होतं, कारण हेडलाइटचा सगळा करंट बॉडीतून डायनामोकडे परत जाताना त्या कच्च्या जागी अडतो. मग काट्याला मिळतो जास्त व्होल्टेज आणि तो खोटा वर जातो. जितका लोड मोठा तितका काटा वर. साध्या 55/60 च्या बल्बांना हे कदाचित ध्यानातही आलं नसतं. 180 वॅट म्हणजे जवळपास 15 अँपिअर, त्याने ते दिसायला लागलं.

तपासायची रीत अशी. कॉइलची प्रायमरी वायर काढायची म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वरच्या क्लँपवर नाही, थेट शिशावर. लाल पिन इंजिनच्या स्वच्छ बोल्टवर. चार-पाच सेकंद सेल्फ मारायचा. चांगल्या गाडीत 0.2 व्होल्टच्या आत यायला हवं. इथं आले 3.1. बॅटरीच्या खांबांवर 11.2 होते, म्हणजे बॅटरी उत्तम. पण सेल्फच्या बोल्टवर आणि सेल्फच्याच अंगावर मीटर धरला तर जेमतेम 7.9. नवी बॅटरी घालूनही सेल्फ रडत का होता ते इथं कळलं. जुनी बॅटरी बहुधा चांगलीच असणार, ती भंगारात गेली.

मीटरच्या बजरने अर्थ तपासणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते यासाठीच. वायरचा एक केस जरी जोडलेला असला तरी बजर वाजतो. सेल्फला शंभराच्या आसपास अँपिअर लागतात, तो एक केस ते कुठून नेणार? अर्थ लोडवरच तपासायचा, दुसरा उपाय नाही.

"पावणं, बॅटरीची निगेटिव्ह वायर कुणी बदलली?"

"मीच की. जुनी लई बारीक हुती, हिरवी पडलेली. ही बघा कशी जाड आणली."

वायर जाड होतीच. तांबंही चांगलं. पण मूळची केबल दोन शेपट्यांची होती. जाड शेपटी गिअरबॉक्सच्या बोल्टला, बारीक शेपटी बॉडीला. दुकानातून आणलेली एकाच शेपटीची, आणि ती त्यांनी बॉडीला आवळली होती, कारण गिअरबॉक्स तेव्हा खाली उतरवलेला होता. गिअरबॉक्स परत चढला, त्याच्यावरचा एक बोल्ट रिकामा राहिला. व्हिडिओतल्या माणसाने केबल बदललीच नव्हती, त्यामुळे तो याबद्दल बोलायचं कारणच नव्हतं.

मग इतके दिवस गाडी सुरू तरी कशी होत होती? इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं, तिथून करंट जात नाही. तो वाट शोधतो. क्लच वायरचं बाहेरचं वेटोळं लोखंडी, एक टोक गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला, दुसरं फायरवॉलला. स्पीडोमीटरची केबलही तशीच. प्रत्येक सेल्फला करंट तिथून जायचा. मालकांनी पहिली काढलेली क्लच वायर टाकून दिली नव्हती, डिकीत होती. ती हॅक्सॉने कापली. आतली नायलॉनची नळी चार बोटं लांब वितळून तारेला घट्ट चिकटलेली, आणि वेटोळ्याच्या स्टीलवर निळसर-तपकिरी झाक. नाकाशी धरली तर जळक्या प्लास्टिकचा वास अजून येत होता. क्लच जड होण्याचं कारण एवढंच, आणि ज्याने ती बदलली त्याने ती वाकवूनही बघितली नव्हती. नाहीतर दुसरी वायर घालायच्या आधी हात थांबला असता. क्लच वायर कुजते, तुटते, पण आतून वितळत नाही. वितळलेली दिसली की इंजिनचा अर्थ बघायचा, मग गाडी कुठलीही असो.

खात्री करायला जंपर केबलचा एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा इंजिन उचलायच्या हुकाला लावला. सेल्फ एकदम खणखणीत. हेडलाइट लावली, काटा ढिम्म. मालक दोन-तीनदा स्वतः स्विच चालू-बंद करून बघत राहिले. चेहऱ्यावर आनंद कमी, राग जास्त. स्वतःवर की त्या दोन गॅरेजांवर, ते मी विचारलं नाही.

कायमचं काम मात्र जंपरइतकं सोपं नसतं. उद्यमनगरात वेल्डिंगची केबल कुठंही मिळते आणि अर्थसाठी तिच्यासारखी दुसरी नाही, बारीक तारांची आणि लवचीक. 25 स्क्वेअर एमएमची घेतली, साधारण दीड फूट. मुद्दाम सैल ठेवायची, कारण इंजिन पुढं-मागं झुलतं आणि ताणलेली केबल लगच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी तुटते. लग कल्हई केलेले तांब्याचे, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेले. बरेच जण लगात शिसं ओततात. शिसं तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथं कडकपणा संपतो तिथंच थरथरीने तुटतो. गिअरबॉक्सच्या बाजूची जागा आणि बॉडीची जागा, दोन्ही चकाकेपर्यंत खरवडली. बॉडीवर रंग, गिअरबॉक्सवर ऑइलची साय. मध्ये स्टार वायसर, बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडी जागा तशीच सोडली तर वर्षभरात परत हिरवी.

परत मोजलं. सेल्फ मारताना 0.12 व्होल्ट. हेडलाइट लावून बॅटरीच्या खांबांवर आधी 13.2 येत होते, आता 14.1. म्हणजे बॅटरी इतके दिवस अर्धपोटी चार्ज होत होती. बोअरचं गढूळ पाणी काढून इंजिन धुतलं, नवा थर्मोस्टॅट बसवला, हवेचं छोटं भोक वरच्या बाजूला ठेवून. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरच्या पाण्यातल्या क्षाराचा थर बसला की पुढं खरोखरच गरम होण्याची सोय होते.

बिलाचा प्रश्न आला. केबल आणि लग मिळून काही शेकड्यांत बसतात. शोधायला गेला अर्धा दिवस. लोकांना पार्टचे पैसे कळतात. बॅटरीचे हजारो रुपये मुकाट देतात, कारण हातात बॅटरी येते. "नुसता मीटर लावला" त्याचे पाचशे म्हटले की तोंड वाकडं. हे मालक त्यातले नव्हते, मायक्रोमीटर वापरणाऱ्या माणसाला मोजण्याची किंमत कळते. पण मोजायचे पैसे मिळत नाहीत म्हणून गॅरेजवाले मोजत नाहीत आणि अंदाजाने पार्ट बदलत बसतात, हेही खरंच. त्या दोघांना मी सगळा दोष देत नाही. क्लच वायरवाल्याला देतो.

एक गोष्ट मला अजून जुळत नाही. क्लच वायर दोनदा खराब झाली, मग अॅक्सिलेटर वायर का वाचली? तीही इंजिन आणि बॉडीच्या मध्येच आहे. माझा अंदाज असा, की कार्बोरेटरच्या खाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड स्पेसर असतो, त्यामुळे त्या बाजूचा रस्ता फक्त स्टडांमधून जातो आणि तिथल्या गंजाने तो आणखी अडला असेल. पण स्टडसुद्धा लोखंडच आहे, आणि 3 व्होल्टला तेवढं पुरायला हवं होतं. मालक पावसाळ्यानंतर कार्बोरेटर घरीच उतरवणार आहेत. उतरवायच्या आधी नवी केबल तात्पुरती सोडून, थोडाच वेळ सेल्फ मारून, मॅनिफोल्ड आणि वायरचं ब्रॅकेट यांच्यामध्ये किती व्होल्ट येतात ते लिहून ठेवा, असं त्यांना सांगितलंय. आणि आता गाडीत आहे ती तिसरी क्लच वायरही अर्धी भाजलेलीच असणार. पेडल सध्या हलकं लागतंय म्हणून ते ती बदलायला तयार नाहीत.