सेम टू सेम

मारुतीच्या जिप्सी किंगमध्ये मारुतीच्याच एस्टीमचं एमपीएफआय (पेट्रोल फवारणारं) इंजिन घालायचं म्हटलं की गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘‘दोन्ही 1298 सीसी, सेम टू सेम!’’ कसलं सेम? एस्टीममध्ये इंजिन आडवं, जिप्सीत उभं. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि माउंटिंग बदलावं लागतं, क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) मागचं सगळं जिप्सीचंच ठेवावं लागतं. आरटीओची परवानगी हा वेगळा ताप.

क्लचचं सोयरिकीसारखं असतं. क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टशी जुळले पाहिजेत, प्रेशर प्लेट फ्लायव्हीलशी (क्रँकच्या टोकाला बोल्टांनी बसणारं जड चाक), फ्लायव्हील क्रँकशी, रिंग गिअर स्टार्टरशी. मी सगळं व्हर्निअरनं मोजलं. फ्लायव्हील कोल्हापूरच्या उद्यमनगरात फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट करून आणलं, वाकडं फिरत नाही ना ते डायल लावून बघितलं. शाफ्टच्या टोकाचं छोटं बेअरिंगही नवं टाकलं.

गाडी चालू केली, क्लच दाबला, रिव्हर्स टाकला. खर्रर्र! इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडत होते. म्हणजे क्लच सुटत नव्हता. केबल ताणली, क्लच सोडवणारा काटा तपासला. गिअरबॉक्स उतरवला, प्लेट उलटी बसली नव्हती. तरी प्लेट बदलून आणली, आणि दुकानदाराला चार माणसांत ‘डुप्लिकेट माल विकतोस’ म्हणून झापलं. पुन्हा गिअरबॉक्स चढवला. पुन्हा खर्रर्र.

दुसऱ्यांदा उतरवल्यावर गॅरेजमधलं पोरगं बॅटरी धरून उभं होतं. म्हणालं, ‘‘मामा, बोल्ट चकाकत्यात.’’

फ्लायव्हीलच्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर घासल्याची चंदेरी कड होती. क्लच दाबला की प्लेट सुटायची, पण तिचा हब, म्हणजे मधला भाग, त्या डोक्यांना टेकून फिरतच राहायचा. जुना बोल्ट शेजारी धरला. नव्याचं डोकं दोन मिलिमीटर उंच! व्यास मोजला, दाते मोजले, बोल्टचं डोकं मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

ते बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले. कंपनीचे आठ दिवसांनी मिळणार होते आणि मालकाला रविवारी गाडी हवी होती. पोराला पाठवलं मीच. डोक्यावर 8.8 लिहिलेलं, म्हणजे फ्लायव्हीलला लागते त्याहून कमी ताकदीचे, तेही मी वाचलं नव्हतं. हब घासला नसता तर गाडी रविवारी गेली असती आणि पाच हजार आरपीएमला ते फ्लायव्हील त्याच बोल्टांवर फिरलं असतं. मालकाचा पोरगा शेजारच्या सीटवर बसतो.

आठ दिवस थांबलो, कंपनीचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. क्लच आता मऊ आहे. मालक खूश, पण उशीर झाला म्हणून पाचशे रुपये कापलेच.

प्लेटवाल्याचं दुकान माझ्या रोजच्या वाटेवर आहे. अजून तिथं गाडी थांबवलेली नाही.