डावा हात वर

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात शहाणा माणूस गच्चीवर जात नाही. मी गेलो. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा (ही बायकोची श्रद्धा, माझी नाही), आणि हातात भाच्याची गोल्फची काठी. शेजारच्या आंब्याची एक फांदी आमच्या कठड्यापर्यंत आली आहे. फांदी आपल्या हद्दीत आली म्हणजे कैरी आपली, असा आमच्या प्रतापनगरात अलिखित कायदा आहे. हात पुरत नव्हता, आकडी सापडत नव्हती. जिन्याच्या कोपऱ्यात भाच्याची ती लांबुडकी पिशवी उभी होती आणि तिच्यातून एक लोखंडी वाकडं पातं बाहेर डोकावत होतं. आकडी म्हणून मुद्दाम घडवल्यासारखं.

तिसरी कैरी पडली तेव्हा जिन्यातून ओरडणं ऐकू आलं, "मामा, सात नंबर आहे तो!"

मला वाटलं कैऱ्या मोजून राहिला. म्हटलं, "तीनच झाल्या रे अजून."

भाचा मिहानमध्ये नोकरीला आहे, आमच्याकडेच राहतो. ऑफिसातल्या कुणाच्या नादानं गोल्फ शिकतो आहे. रविवारी पहाटे पाचला उठून जातो, ऊन चढायच्या आत परत येतो आणि मग दिवसभर कूलरसमोर उताणा पडून मोबाईलवर दुसऱ्यांचे स्विंग बघतो. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवायच्या नाहीत असा नियम आहे म्हणे. एकीनं भागेल असं मला वाटत होतं, पण कैरीच्या बाबतीत भागलं म्हणून सगळीकडे भागेलच असं नाही.

त्यानं सात नंबर (काठीचाच नंबर तो) पुसला, उजेडात धरून पाहिला, चीक लागला होता तिथे पुन्हा पुसला. आणि मग राग विसरून शिकवायलाच लागला. नव्यानं काही शिकलेल्या माणसाला शिष्य लागतोच. दिवाणखान्यात कूलर आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी, सतरंजीवर चेंडू म्हणून कैरी.

"आधी ॲड्रेस."

"प्रतापनगर," मी म्हटलं.

चेंडूपाशी काठी टेकवून नीट उभं राहण्याला त्या खेळात ॲड्रेस म्हणतात. अजून मारायचं काहीच नसतं. आणि भाच्याचं म्हणणं, बिघडायचं ते सगळं इथेच बिघडतं. पुढचं सव्वा सेकंदाचं काम.

मी काठी धरली, ती गिल्ली-डंडा धरावा तशी. मूठ आवळून. तो हसला. "मामा, तळहातात नाही. बोटांत." मग माझी बोटं एकेक करून त्यानं सोडवली. करंगळीच्या बुंध्यापासून तिरपी काठी तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत. वरून पाहिलं तर डाव्या हाताच्या दोन गाठी दिसल्या पाहिजेत, तीन दिसल्या तरी चालतं, एकच दिसली तर चेंडू उजवीकडे पळतो. मग उजवा हात खाली, डाव्या अंगठ्यावर पांघरूण घातल्यासारखा. उजवी करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीवर नुसती चढवून ठेवायची. या धरण्याला हॅरी व्हार्डन या जुन्या गोल्फरचं नाव आहे. शोध त्याचा नव्हे, त्याच्या आधीही कुणीकुणी तसं धरत होतं, पण 1896 ते 1914 या काळात त्यानं ब्रिटिश ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा सहा वेळा जिंकली. सहा वेळा जिंकणाऱ्याच्या करंगळीला मान मिळणारच. जॅक निकलस आणि टायगर वुड्स मात्र करंगळी चढवत नाहीत, अडकवतात. दोन लहान पोरं शाळेत जाताना बोटात बोट अडकवतात तशी.

"आणि किती घट्ट?" मी विचारलं.

सॅम स्नीड म्हणून जुना खेळाडू होता. त्याच्या नावावर सांगतात, की पाखराचं पिल्लू धरल्यासारखं धरा. उडू नये आणि मरूही नये. मी लहानपणी छपरातून पडलेलं चिमणीचं पिल्लू धरलं आहे. ते धरताना सगळ्यात जास्त मीच थरथरत होतो. तसं थरथरत गोल्फ खेळता येईल असं वाटत नाही.

पण मी अडकलो होतो दुसरीकडेच. "डावा वर," असं तो म्हणाला तेव्हा मी डावा हात पुढे केला आणि तो जिथे बसायचा तिथे जाऊन बसला. भाचा म्हणाला, "अरे वा, हा तर मस्त बसला." त्याला काय माहीत.

मी जन्माचा डेबऱ्या. आजीनं सोडवला. मारून नाही, आजी मारणारी नव्हती. मी डाव्या हातानं घास उचलला की ती माझा हात अलगद धरून मांडीवर ठेवायची आणि उजवा उचलून ताटात. "त्या हातानं नाही बाप्पा." रोज, दोन वेळा, न चिडता. प्रसादाला डावा पुढे गेला की ओंजळच करायला लावायची, म्हणजे उजवा आपोआप वर. शाळेत एका गुरुजींनी हेच काम पट्टीनं केलं, वर्षभरात पुरं. आता मी उजव्यानं लिहितो, उजव्यानं जेवतो, बाटलीचं झाकण आणि कुत्र्याला दगड मात्र डाव्यानं. (दगड उचलतो फक्त. मारत नाही.)

आणि इथे म्हणे डावा हात वर. तोच पुढारी, उजव्यानं त्याच्यामागून यायचं. क्रिकेटमध्येही उजव्या फलंदाजाचा वरचा हात डावाच असतो, हे इतकी वर्षं बॅट धरून मला कधी जाणवलं नव्हतं. फिल मिकेलसन या गोल्फरचं तर उलटंच: एरवी सगळं उजव्यानं करतो, गोल्फ तेवढं डावरं. वडील समोर उभे राहून काठी फिरवायचे, हा आरशात बघावं तसं शिकला. त्याच्या घरात कुणी हात उचलून मांडीवर ठेवला नाही.

आजीनं एकाच कामाला डावा हात चालवून घेतला. उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडायच्या असत. अंगणात पोतं अंथरायचं, त्यावर लाकडी पाटावर बसवलेला मोठा अडकित्ता. आजी पदर खोचायची, हात पुसायची, कैरी पात्याखाली ठेवून जराशी फिरवायची, कोय आडवी आहे की उभी ते बोटांनी चाचपायची. मग डाव्या हाताची बोटं मागे. मग उजवा हात दांड्याच्या पार टोकाला. आणि मग थांबायची. एवढीशीच, श्वासभर. त्यानंतरचा आवाज मला अजून ऐकू येतो: कट्, आणि कोयीसकट दोन फाका. तिच्या डाव्या तर्जनीचं नख अर्धंच होतं. का ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी दांडा डाव्या हातानं धरला त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, फक्त माझा दुसरा हात पात्यापासून वीतभर लांब सरकवला. म्हणाली, "याले कोणताबी हात चालते. दुसरा कुठी हाय ते पाय."

भाचा नेमकं हेच सांगत होता, जरा महागड्या भाषेत. हात खांद्यापासून सैल लोंबू द्या. मांडी आणि मूठ यांच्यात एका मुठीची जागा. आयर्न, म्हणजे सात नंबरसारखी लोखंडी पात्याची काठी, असेल तर हात चेंडूच्या किंचित पुढे, काठीचं वरचं टोक डाव्या मांडीच्या आतल्या अंगाकडे. म्हणजे पातं आधी चेंडूला लागतं, मग मातीला. हात मागे राहिले तर आधी माती खणली जाते नाहीतर चेंडू उगाच आभाळात. ड्रायव्हरला, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीला, मात्र हे असं नाही, तिथे हात चेंडूच्या रेषेत किंवा थोडे मागेच, कारण चेंडू टी नावाच्या छोट्या खुंटीवर उचललेला असतो आणि त्याला वर जाताना टिपायचं असतं.

हे सगळं माहीत असतं तर 2021 च्या त्या ऑगस्टमध्ये मी काही वेगळं पाहिलं असतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फर अदिती अशोक पदकाजवळ गेली होती, शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत तर्रीपोहे खात लोक गोल्फ बघत होते. बर्डी म्हणजे नागपुरातली सीताबर्डी एवढंच ज्यांना माहीत, ते बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) पडली म्हणून टाळ्या वाजवत होते. एका फटक्यानं कांस्य हुकलं, चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला लागला आणि सकाळचं गोल्फ सगळे विसरले. तिचे हात मी एकदाही पाहिले नाहीत. आकडेच बघत बसलो.

शेवटी भाचा म्हणाला, "आता हळूच, अर्धाच." मी डावा वर, उजवा खाली, करंगळी जागेवर, हात किंचित पुढे, आणि थांबलो. एवढासाच. मग मारलं. कैरी सतरंजीवरून निघून कूलरच्या खसच्या ताटीत घुसली आणि तिथेच अडकली. पंपाचं पाणी तिच्यावरून ठिबकत राहिलं. आतून बायकोनं विचारलं, "काय झालं?" दोघंही म्हणालो, काही नाही.

रात्रीपर्यंत खोलीला खस आणि कैरीचा मिळून एक वास येत होता. वाईट नव्हता.

भाच्यानं सात नंबर मला देऊन टाकला, चीक निघाला नाही म्हणून. मी अजून कैऱ्याच पाडतो त्यानं, पण आता नीट धरून. निम्म्या तरी शेजाऱ्यांच्याच अंगणात पडतात.