इलेव्हन प्लस झालं, आता इयर नाईनचा फॉर्म वाचा

लंडनच्या मराठी घरांत मुलींच्या खासगी शाळेचा विषय निघाला की गाडी इलेव्हन प्लसवरच, म्हणजे अकराव्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेवरच अडते. शिकवण्या, नोंदणी, हिवाळ्यातली परीक्षा, फेब्रुवारीतली ऑफर. एकदा प्रवेश झाला की पालक ढिले पडतात. पुढची वाट ठरवणारा कागद मात्र त्यानंतर तिसऱ्या वर्षी येतो आणि बऱ्याचदा मुलगी तो शाळेच्या बसमध्येच भरून टाकते.

इयर नाईन म्हणजे आपली साधारण आठवी. तेव्हा जीसीएसईचे, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेचे विषय निवडायचे असतात, बहुतेक शाळांत नऊ किंवा दहा. गणित, इंग्रजीचे दोन आणि विज्ञान सक्तीचं, जोडीला बहुधा एक परकी भाषा. उरलेले तीन-चार आपल्या हातात. शाळा हे विषय गटांत मांडते, एका गटातून एकच घेता येतो. इतिहास आणि संगीत एकाच गटात आले तर एकावर पाणी सोडावं लागतं. गट पक्के होण्याआधी शाळेला कळवलं तर कधीकधी बदलून मिळतात, नंतर नाही.

विज्ञानाचे तिन्ही विषय स्वतंत्र घेतले तर तीन जीसीएसई, एकत्रित घेतले तर दोन. एकत्रित घेऊनही ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीला, विज्ञान घेता येतं, पण सुरुवातीला दमछाक होते. मेडिकलचा विचार असेल तर ए-लेव्हलला केमिस्ट्री सुटता कामा नये. केंब्रिज किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला (एलएसई) इकॉनॉमिक्स करायचं तर ए-लेव्हलला गणित लागतंच.

भाषेत आपली पंचाईत होते. गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगाली या विषयांचं जीसीएसई आहे, मराठीचं नाही. मग काही पालक लॅटिनकडे वळतात, संस्कृत घेतात त्याच हिशोबाने: स्कोअरिंग! तो हिशोब अर्धाच खरा. नेमलेल्या उताऱ्यांची भाषांतरं पाठ होतात, पण न पाहिलेला उतारा समोर आला की विभक्त्या कच्च्या असलेली मुलगी तिथेच अडकते.

सगळ्यात कमी लेखला जाणारा विषय आर्ट. साठ टक्के गुण वर्षभराच्या कामाला, चाळीस टक्के परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरच्या कामाला, आणि त्याच्या शेवटी देखरेखीखाली दहा तास काम करायचं. जोडीला डिझाईन अँड टेक्नॉलॉजी घेतलं तर त्याचाही निम्मा भार प्रकल्पावर. दोन्ही प्रकल्प आणि मॉक (सराव) परीक्षा इयर इलेव्हनच्या, म्हणजे जीसीएसईच्या वर्षाच्या हिवाळ्यात एकमेकांवर येऊन आदळतात. हौस असेल तर आर्ट जरूर घ्यावं, दोन्ही मात्र नको.

गणितात मुलींच्या या खासगी शाळा आज भाव खातात. पण 1863 साली केंब्रिजची शालेय परीक्षा मुलींसाठी प्रयोगादाखल उघडली, तेव्हा अंकगणितातच पुष्कळ मुली आपटल्या होत्या. त्या परीक्षेला शिक्षिका फ्रान्सिस मेरी बस यांनी 1850 मध्ये काढलेल्या नॉर्थ लंडन कॉलेजिएट या मुलींच्या शाळेच्या विद्यार्थिनीही बसल्या होत्या. आता हुशार मुलींचे गुण जातात ते तोंडी हिशोबाच्या सवयीमुळे. रीतीला वेगळे गुण असतात: उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर तीनपैकी दोन मिळू शकतात. 'शो दॅट'च्या, म्हणजे 'सिद्ध करा'च्या प्रश्नात तर उत्तर छापूनच दिलेलं असतं, गुण फक्त पायऱ्यांना.

पैशांचं थोडक्यात: 1 जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट आहे. बस, परीक्षा शुल्क आणि काही शाळांत जेवण वेगळं.

ए-लेव्हलला साधारण तीन विषय, काहीजणी चार घेतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलच्या अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर. त्यावर शाळा जे अंदाजित ग्रेड लिहिते ते बहुतांशी इयर ट्वेल्व्हच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या, उन्हाळी परीक्षेवरून ठरतात. तेव्हा त्या वर्षी मे-जूनमध्ये घरचं लग्न असेल तर आई-बाबांपैकी एकानेच पुण्याचं तिकीट काढावं.