फिल्टर किती वेळा धुतला?

सिंगापूरच्या अँकरेजला, म्हणजे नांगर टाकून थांबायच्या जागी, तेलाचे सेन्सर बसवायला तंत्रज्ञ जहाजावर चढला तेव्हा त्याच्याकडे दोन पेट्या होत्या आणि हातात जेमतेम दीड दिवस. आमचं जहाज ५८ हजार टनी बल्क कॅरिअर (कोळशासारखा सुटा माल नेणारं), मेन इंजिन सहा सिलिंडरचं टू-स्ट्रोक, आणि मी त्यावर सेकंड इंजिनिअर. मेन इंजिनच्या सिस्टिम ऑइलवर, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या वंगणाच्या तेलावर, चोवीस तास लक्ष ठेवायचं असं कंपनीने ठरवलं होतं. तेलातलं पाणी मोजायला एक सेन्सर, धातूचे कण मोजायला दुसरा, आणि आपोआप धुतल्या जाणाऱ्या ऑटो फिल्टरच्या आधीचा-नंतरचा दाब. सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावर दिसणार, आणि सॅटेलाइटवरून मुंबईत कंपनीच्या सुपरिंटेंडेंटच्याही.

तोवरची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तीन महिन्यांनी तेलाचा नमुना बाटलीत भरायचा, बंदरात एजंटच्या हाती द्यायचा आणि लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत विसरून जायचं. मधल्या काळात शंका आली तर हॉट प्लेट तापवून तिच्यावर तेलाचा थेंब टाकायचा. पाणी असेल तर फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो.

तंत्रज्ञ उतरला आणि त्याच रात्री कणांचा अलार्म वाजला. आकडा इतका वर, की बडासाब, म्हणजे चीफ इंजिनिअर, बॉयलर सूट न चढवताच खाली आले. बेअरिंगची तापमानं नेहमीची, ऑइल मिस्ट डिटेक्टर (इंजिनात तेलाचं धुकं झालं की ओरडणारा) शांत. इंजिन कमी वेगावर आणलं तर आकडा खाली, वेग वाढवला की पुन्हा वर. बत्तीसाबने, म्हणजे इलेक्ट्रिकल ऑफिसरने, वायरिंग तपासलं, ठीक होतं. मग माझं लक्ष पाइपकडे गेलं. हात पोचायला सोपं म्हणून सेन्सर वरच्या वळणालगत बसवला होता, आणि तिथे हवा साठत होती. हा सेन्सर प्रकाशाच्या झोतातून जाणाऱ्या सावल्या मोजतो. सावली लोखंडाच्या कणाची की हवेच्या बुडबुड्याची, हे त्याला कळत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेच्या अँकरेजला इंजिन बंद झाल्यावर फिटरने आणि मी तो खाली, सरळ लाइनवर, फिल्टरच्या आधी आणला. आधी यासाठी की फिल्टरनंतर मोजलं तर जे शोधायचं ते जाळीतच अडकलेलं असतं. हे सगळं पहिल्या दिवशी तंत्रज्ञाला सांगायला हवं होतं. पण तो घाईत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा सुचलं नव्हतं.

तिथेच दुसरा गोंधळ झाला. ऑइल पंप बंद, तेलातलं पाणी आणि गाळ वेगळा करणारा प्युरिफायरही सफाईसाठी बंद, तेल गार होत गेलं, आणि पाण्याचा आकडा ०.२ वरून चढत रात्री ०.५ ला जाऊन अलार्म वाजला. मुंबईहून मेसेज: तेलात पाणी शिरतंय, तातडीने खुलासा करा. बडासाब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सर, पाणी शिरलेलं नाही, तेल गार झालंय." हा सेन्सर तेलात एकूण किती पाणी आहे ते सांगत नाही. तेल जेवढं पाणी विरघळवून ठेवू शकतं त्यातला किती हिस्सा भरलाय, एवढंच सांगतो. ० म्हणजे कोरडं, १ म्हणजे काठोकाठ, त्यानंतर पाणी वेगळं व्हायला लागतं. गार तेलात पाणी कमी मावतं, म्हणून पाणी तेवढंच असून आकडा वाढतो. रात्री हवा गार झाली की दव पडतं, तेव्हा कोणी पाणी ओतलेलं नसतं. प्युरिफायर लावून तेल पुन्हा ४५ अंशांवर आणलं आणि आकडा ०.२१ वर आला. खुलासा पाठवला. बडासाबनी मात्र तेव्हापासून पाण्याच्या आकड्याशेजारी तापमान लिहिल्याशिवाय लॉगवर सही केली नाही.

त्यांची आणखी एक सवय होती. सेन्सर असो नसो, रोज सकाळी सम्प टँकचं (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचं) साउंडिंग हातानेच घ्यायचं, म्हणजे पट्टी सोडून तेलाची पातळी मोजायची. नवीन पोरं कुरकुरायची. मग बडासाब 'एल फारो'ची गोष्ट काढायचे. १ ऑक्टोबर २०१५ ला ते मालवाहू जहाज बहामाजवळ वादळात सापडलं, एका बाजूला कललं, टर्बाइनच्या तेलाच्या पंपाला तेल मिळेना आणि इंजिन गेलं. ३३ माणसं गेली. तेल कितीही स्वच्छ असलं तरी ते पंपाच्या तोंडाशी असायला लागतं, असं ते म्हणायचे आणि पट्टी पुसून ठेवायचे.

कोळसा भरून आम्ही जयगडकडे निघालो. चौथ्या की पाचव्या दिवशी आमचा चार साब (फोर्थ इंजिनिअर), साताऱ्याचा पोरगा, चहा घेताना सहज म्हणाला, "सर, ऑटो फिल्टर काल आठ वेळा धुतला गेला."

आमचा फिल्टर दर आठ तासांनी स्वतःला उलटा धुतो, म्हणजे दिवसात तीनदा. दाबाचा फरक वाढला तर मध्येच आणखी एकदा. पडद्यावर दाबाचा फरक दिसत होता ०.३ बार, रेघ सरळ. सगळे तीच रेघ बघत होते, मीही. पण फिल्टर स्वतःच धुऊन घेत असेल तर ती रेघ वर जाणारच कशी? सोशिक माणसासारखं आहे ते. तक्रार करत नाही, फक्त दुप्पट राबतो. काउंटर फिल्टरच्या पॅनेलवर होता, कोणी त्याची वायर यंत्रणेला जोडलीच नव्हती. जुनी नोंद काढली: ३, ३, ५, ८. दुसऱ्या दिवशी ११.

मग पाण्याचा आकडा पाहिला. तापमान तेच, आणि आकडा चार दिवसांत ०.२२ वरून ०.३८. अलार्म ०.५ ला, त्यामुळे कुठेच काही वाजलं नव्हतं. हॉट प्लेटवर थेंब टाकला, तडतड नाही. इंजिन रूममध्ये राबणारे दापोलीचे मोटरमन चाचा पंचवीस वर्षं समुद्रावर. त्यांनी तेल बोटांत चोळलं, वास घेतला, म्हणाले, "साहेब, तेल चांगलाच हाय." मलाही तसंच वाटलं असतं.

पाणी येणार कुठून? पिस्टन तेलानेच थंड होतात, तिथून प्रश्न नाही. सिलिंडर थंड करणाऱ्या जॅकेट पाण्याच्या टाकीची पातळी स्थिर. कूलरमध्ये इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणजे गळती असती तर तेल पाण्यात गेलं असतं. उरला प्युरिफायर. चार साबला विचारलं तर म्हणाला, स्लज टँक (प्युरिफायरने बाहेर टाकलेली घाण जमते ती टाकी) हल्ली लवकर भरतो. मग डोक्यात प्रकाश पडला. प्युरिफायरच्या आधी हीटर, त्यात वाफ ७ बारची आणि तेल २ बारचं. नळी फुटली तर वाफच तेलात जाणार. बरंचसं पाणी प्युरिफायर बाहेर टाकत होता, म्हणून आकडा सावकाश चढत होता. उरलेल्या पाण्याने तेलातली घाण धरून ठेवणारी द्रव्यं चोथ्यासारखी खाली बसत होती आणि फिल्टरच्या जाळीवर चिकटत होती.

वाफ बंद केली, हीटर वेगळा केला, तेलाच्या बाजूचा ड्रेन उघडला. आधी तेल आलं, मग दुधाळ चहासारखं काहीतरी. नळ्यांचं बंडल बाहेर काढून हवेच्या दाबाने तपासलं: दोन नळ्या गळत होत्या. फिटरने दोन्ही टोकांना बुचं ठोकली. सहा तास लागले, जेवण तिथेच उभ्या उभ्या. पुढच्या चार दिवसांत पाण्याचा आकडा ०.२३ वर आला. फिल्टर तीनवर यायला मात्र नऊ दिवस गेले.

जयगडबाहेर नांगर टाकला त्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला, रिचर्ड्स बेला दिलेल्या नमुन्याचा. नॉर्मल. बरोबरच होता, नळ्या तेव्हा शाबूत असणार. बत्तीसाबने तोवर काउंटरची वायर पडद्यापर्यंत आणली होती. माझ्या जागी आलेल्या सेकंडला मी हँडओव्हर दिलं तेव्हा त्यात दोन ओळी जास्त होत्या: फिल्टर दिवसात पाचपेक्षा जास्त वेळा धुतला तर मला नाही, हीटरला विचार; आणि नव्या ट्यूब बंडलची मागणी पाठवली आहे, अजून आलेलं नाही.