सावलीचं झाड मे महिन्यात कळतं

१४ मे, नागपूर

पंचांग म्हणतं, वैशाख आहे म्हणजे अजून वसंत ऋतूच चालू आहे. ज्यानं हे ठरवलं त्यानं एकदा दुपारी दोन वाजता सीताबर्डीच्या चौकात उभं राहून दाखवावं. पारा चव्वेचाळीसला टेकलाय आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तर अजून लागायचाच आहे. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ झालं होतं. २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं थेट ५६ दाखवले, मग यंत्रच बिघडल्याचं निघालं. आमच्या गल्लीत मात्र तो आकडा कोणालाच खोटा वाटला नव्हता.

आईला बहावा बघायचा होता, म्हणून सकाळी लवकर तिला महाराजबागेत नेलं. बहावा ऐन भरात होता. झाडावर पान औषधालाही नाही, नुसती पिवळी झुंबरं, आणि त्यांच्यामध्ये मागच्या वर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगा तशाच लोंबत होत्या. एक काळा भुंगा एका फुलावर आदळल्यासारखा बसला, घूंऽ केलं, उडाला, आणि त्याच्यामागून दोन पाकळ्या खाली आल्या. आई म्हणाली, "बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस." हे ती दरवर्षी म्हणते. पाऊस दरवर्षी दीडच महिना घेतो असं नाही, पण वाट बघायला काहीतरी हिशेब हाती लागतो.

मग बसायला जागा शोधली तेव्हा गंमत लक्षात आली. बहाव्याखाली कोणीच नव्हतं. गुलमोहराखाली फोटो काढणारी दोन पोट्टी होती, तीही पाच मिनिटांत सटकली. म्हातारी मंडळी, फिरायला आलेल्या बाया, डबा उघडून बसलेला एक माळी, झाडून सगळे कडुनिंबाखाली. त्याचं कारण झाडाच्या वेळापत्रकात आहे. कडुनिंब जुनी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकतो आणि चैत्रात नवी पालवी धरतो, म्हणजे ऊन खरं तापायच्या वेळी तो गच्च भरलेला असतो. करंजाचंही तसंच. आंबा, चिंच, वड यांची सावली तर बारमाही. बहावा आणि गुलमोहर ऐन कडाक्यात एक तर उघडे असतात, नाहीतर फुलांनी भरलेले आणि पानांनी विरळ. दिसायला राजे, सावलीला कंगाल.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. एकोणिसाव्या शतकात तो जगभर गेला आणि आपल्याकडच्या रस्त्यांच्या कडेला लागला. नागपूरच्या भोसले राजांनी बागा केल्या तेव्हा इथे तो नव्हताच. त्यांच्या बागांची जागा बघितली तरी त्यांचं डोकं कुठे चालत होतं ते कळतं. महाराजबाग नाग नदीला लागून, तेलंगखेडी फुटाळ्याच्या पाण्याजवळ, सक्करदऱ्यालाही तलाव. आधी पाणी बघायचं, मग झाड, मग बसायची जागा. मे महिना काय असतो ते माहीत असलेल्या माणसांची ही रीत.

१८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, गादीला वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. महाराजांची बागही त्यांच्याकडे गेली. १८९४ मध्ये तिथे प्राणिसंग्रहालय झालं. शेजारचं कृषी महाविद्यालय १९०६ चं. आता बाग पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. आईच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीतला मोठा कार्यक्रम म्हणजे वाघ बघायला महाराजबाग. तिला वाघ फारसा आठवत नाही, नळाखाली ओंजळ धरून प्यायलेलं पाणी आठवतं. आता उन्हाळ्यात पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या आणि कूलर लागतात. वाघालाही होळीनंतर कूलर लागतो, यात नागपूर काय ते आलं.

कूलरवरून आठवलं. आमच्याकडची हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते, म्हणूनच कूलर चालतो. मुंबईला तोच कूलर लावला तर घरात नुसती दमट वाफ होते. मोठं झाडही याच हिशेबानं काम करतं, मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत सोडतं आणि खालची हवा थोडी उतरते. म्हणजे कडुनिंब हा वीजबिल न येणारा कूलर. टिनाच्या शेडखाली सावली मिळते, पण वरून पत्रा तापतो आणि खाली बसलेला माणूस भाजून निघतो. हे बागेचं काम काढणाऱ्यांना एकदा तिथे बसवून सांगायला पाहिजे.

कारण नवं काम निघालं की काय होतं? पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, लोखंडी बाकडी, मधे लॉन, आणि 'आय लव्ह' वालं मोठं पाटीचं प्रकरण. लॉनवर दुपारी चिमणीसुद्धा उतरत नाही. ब्लॉक रात्री नऊपर्यंत आग ओकत राहतात. फुटाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळी गर्दी असते, मक्याचं कणीस असतं, संगीत कारंजंही बसवलं. मला तिचा राग नाही, मीही जाते. पण ती रात्रीची जागा झाली. दुपारचं काय?

दुपारचं काय ते परवा कळलं. दवाखान्यातून येताना आईला चक्कर आल्यासारखं झालं, ऑटो मिळेना, म्हणून जवळच्या एका बागेच्या फाटकाशी गेलो. कुलूप. आत कडुनिंबाची गार सावली दिसत होती. चौकीदार म्हणाला, "दुपारी बंद राहते जी, चार वाजता खुलते."

"काऊन बंद? थोडं बसू द्या ना दादा, आई थकली आहे."

"मले सांगून ठेवलं आहे न काकू, मी काय करू?"

त्यानं स्वतःची प्लास्टिकची खुर्ची बाहेर दिली आणि बाटलीतलं पाणीही. माणूस चांगला, नियम बिनडोक. उन्हाळ्यात बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या असं उष्माघात टाळण्याच्या आराखड्यांत लिहिलेलं असतं, म्हणजे कागदाला कळलंय, कुलपाला अजून नाही. पोट्टे धिंगाणा करतात, जोडपी बसतात, अशी कारणं सांगतात. बसेनात का! हातगाडीवाला, डिलिव्हरीवाली पोरं, मजूर, यांना बारा ते चार जायला दुसरी जागा कोणती आहे?

आज मराठीत एक अर्ज लिहून काढला. मागण्या दोनच: फाटक दुपारी उघडं ठेवा, आणि या पावसाळ्यात लावणार असाल तर करंज आणि कडुनिंब लावा. आईनं वाचून खाली स्वतःच्या हातानं जोडलं, "पिण्याच्या पाण्याचा नळ चालू असावा." मग तिनं सही केली, माझ्या आधी.