रविवारी जाऊन देऊन ये

नोव्हेंबरात आईचं साताऱ्याहून पार्सल आलं. वर माझे दोन कुडते, खाली ताईची साडी. फोन केला तर म्हणाली, "दोघं तिथंच आहात ना? वेगळं कुरिअर कशाला? रविवारी जाऊन देऊन ये."

मी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पर्थला, ताई पूर्वेला सिडनीला. आईच्या हिशेबी हे सातारा-पुणे. सकाळच्या एसटीनं जायचं, ताईकडे जेवायचं, दिवेलागणीला परत.

पर्थ ते सिडनी सरळ रेषेत धरलं तरी 3,290 किलोमीटरच्या आसपास भरतं. शाळेत आपण भारताची दक्षिणोत्तर लांबी 3,214 किलोमीटर म्हणून घोकली होती, त्याहूनही जास्त! त्यापेक्षा आम्हाला बाली जवळ, साधारण 2,600. इथली माणसं सुट्टी लागली की सिडनी सोडून बालीला पळतात ती उगाच नाही. आगगाडी आहे, पण तिला तीन रात्री लागतात. वाटेत नलारबोरचं मैदान, तिथं रूळ 478 किलोमीटर एकही वळण न घेता जातो. साडी द्यायला एवढं कोण बघत बसणार?

शेवटी डिसेंबरात विमानाचं तिकीट काढलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत आईचा फोन.

"जाताना रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा. सात तास. आणि येताना सहाला निघून आठला घरी?"

"हो."

"मग जातानापण तेच दोन तासांचं विमान घे की!"

आता हिला कसं सांगावं? खरं तर जाताना चार तास लागतात आणि येताना पाच. विमान उडतं त्या उंचीवर, दहा-अकरा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. सिडनीला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. बाकी सगळा घोळ घड्याळाचा. सिडनी एरवी आमच्या दोन तास पुढे. ऑक्टोबर ते एप्रिल ते लोक घड्याळ आणखी एक तास पुढे सरकवतात, आम्ही नाही. इथं त्यावर चार वेळा जनमत घेतलं, शेवटचं 2009 साली. लोकांनी चारही वेळा नको म्हटलं. त्यामुळे इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास, मी रात्री आठला जेवायला बसतो तेव्हा आईचा साडेपाचचा चहा चाललेला असतो आणि ताईकडे रात्रीचे अकरा. तिघांनी एकत्र फोनवर बोलायचं म्हणजे कुणाची तरी झोप मोडणार, आणि ती बहुतेक ताईचीच.

साडी पोचली. ताईनं तिथंच खांद्यावर टाकून आईला व्हिडिओ कॉल केला. निघताना तिनं माझ्या पिशवीत चार आंबे कोंबले, क्वीन्सलँडचे, वास अगदी घरभर सुटलेला.

पर्थच्या विमानतळावर उतरल्यावर समोर मोठी कचरापेटी. दुसऱ्या राज्यातून फळं, मध काही आत न्यायचं नाही, कीड येते म्हणून. देशातल्या देशात! मागं रांग वाढत होती. एकेक आंबा काढला, शेवटचा जरा हातात धरला, मग तोही टाकला.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "आंबे कसे निघाले रे?"

"गोड होते," मी म्हणालो.