पेडलवरचा पाय आणि येळ्ळूरचा चढ

गेल्या पावसाळ्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ सायकलच्या सीटवरून उठून चढत असताना ओल्या पेडलवरून माझा उजवा पाय निसटला आणि पेडलची कड नडगीवर आदळली. जखम पंधरा दिवसांत भरली. परंतु पाय पेडलवर पक्का राहावा यासाठी काय करावे, या प्रश्नाचा मी तेव्हापासून नीट पाठपुरावा केला.

सर्वांत साधा उपाय म्हणजे बारीक पिना असलेले रुंद पेडल आणि सपाट, किंचित मऊ रबरी तळाचा बूट. पिना तळात रुततात, पाय सहसा घसरत नाही आणि हवा तेव्हा उचलता येतो. ज्यांना शहापूर-वडगावच्या गर्दीतून थांबत थांबतच जायचे आहे, त्यांना याहून अधिक काही लागत नाही, असे माझे मत आहे.

लांबच्या प्रवासासाठी मात्र मला पाय बांधून ठेवणारी व्यवस्था हवी होती. शर्यतीतील सायकलस्वार पूर्वी टो क्लिप, म्हणजे बुटाचे टोक अडकवणारी पेडलवरची कमान, आणि चामडी पट्टा वापरत. पट्टा आवळला की पाय घट्ट बसे, पण सोडवण्यासाठी हात खाली न्यावा लागे. बर्फावरील स्कीच्या बांधणीवरून सुचलेले पेडल लूक या फ्रेंच कंपनीने 1984 मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार हिनो यांनी त्यावर तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. त्यात बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट, म्हणजे अडकवण्याचा तुकडा, पेडलच्या खाचेत अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. शिमानो या जपानी कंपनीने 1990 मध्ये आणलेल्या एसपीडी नावाच्या पद्धतीत क्लीट लहान, पोलादी आणि दोन बोल्टची असून ती तळाच्या खोबणीत दडलेली राहते. मी हीच निवडली, कारण जांबोटीच्या रस्त्यावर चहाला उतरायचे, चोर्ल्याच्या घाटात धुके दाटले तर सायकल हातात धरून चालायचे, हे लूकसारख्या तीन बोल्टच्या मोठ्या प्लॅस्टिक क्लीटवर धड जमत नाही. खानापूरकडची तांबडी माती मात्र एसपीडीतही भरते आणि मग क्लीट अडकतच नाही. त्यासाठी मी पिशवीत जुना टूथब्रश ठेवतो.

पाय बांधला की तो वर ओढूनही जोर मिळतो, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते पटलेले नाही. जोर मुख्यतः खाली दाबण्यातूनच येतो. खरा लाभ हा की पाय वेगात किंवा खड्ड्यात जागचा हलत नाही आणि चवडा प्रत्येक फेरीत त्याच ठिकाणी राहतो. म्हणूनच क्लीट चवड्याखाली किंवा किंचित मागे यावी आणि तिचा कोन आपल्या पावलाच्या स्वाभाविक ठेवणीशी जुळावा, अन्यथा गुडघा दुखू लागतो. माझा डावा गुडघा महिनाभर दुखला आणि क्लीट अगदी थोडी फिरवल्यावर थांबला.

पाय अडकवणे दोन दिवसांत जमले, सोडवणे नाही. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडताना पाहून मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, पाय तसाच अडकलेला राहिला आणि मी डाव्या कोपरावर पडलो. माझी सायकल दुरुस्त करणाऱ्या वयस्कर कारागिरांनी त्या दिवशी एकच वाक्य सांगितले : "आदी पाय सोड गा, मगच ब्रेक धर." त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या गवतावर मी डावा पाय अडकवणे-सोडवणे एवढेच करत राहिलो. क्लीट किती घट्ट धरली जावी हे ठरवणारा पेडलवरील ताणाचा स्क्रू पूर्ण सैल केला, आणि टाच बाजूला फिरवूनच नव्हे तर वर ओढूनही जी सुटते, अशी क्लीट बसवली. नवशिक्याने हीच क्लीट घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

पेडल बदलताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरू नये. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय ती बसवू नयेत. त्याहून महत्त्वाचे क्लीटचे बोल्ट. नवी क्लीट लावल्यावर सायकलवरून एक-दोनदा फिरून आल्यावर ते पुन्हा आवळावेत, कारण एक बोल्ट गळाला की क्लीट बुटाखाली फिरत राहते आणि टाच कितीही वळवली तरी पाय सुटत नाही.